काठाचा नकाशा

माझं काम नकाशे काढण्याचं. बत्तीस वर्षं मी रस्त्यांचे, नाल्यांचे, इमारतींचे आराखडे काढले. आधी ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर लावून, नंतर संगणकावर. नकाशात तळं आलं तर ते कसं दाखवायचं हे ठरलेलं होतं: एक वळणदार बंद रेषा आणि आत निळा रंग. रेषेच्या आत पाणी, बाहेर जमीन. इतकी वर्षं ती रेषा ओढताना माझा हात एकदाही थबकला नाही. आता थबकतो. गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी एका तळ्यावर जाते आहे आणि ती रेषा तिथे मला अजून सापडलेली नाही.

पावसाळा संपतो तेव्हा पाणी पार बाभळींच्या बुंध्यांना टेकलेलं असतं. मग ते थोडं थोडं मागे सरत जातं. आधी गवत उघडं पडतं, मग काळा चिखल, मग भेगाळलेली माती. महिन्याभरात तीस-चाळीस पावलं जागा मोकळी होते. ही जागा ना धड पाणी, ना धड जमीन. आमच्या नकाशांत तिला नाव नव्हतं, रंग नव्हता. आणि तळ्यावरचे बहुतेक पक्षी पोट भरतात ते तिथेच.

हे कळायला मला दोन हिवाळे लागले. सुरुवातीला मी दुर्बिणीतून तळ्याच्या मध्यभागी बघत बसायची, कारण तळं म्हणजे पाणी अशी समजूत. मग हळूहळू कोण कुठे उभं असतं याची टाचणं करायला लागले. तुतवार चिखलाच्या कडेकडेनं, शरीराचा मागचा भाग सतत वरखाली हलवत चालतो. धोबी ओल्या मातीवर. शेकाट्या त्याच्या लांब गुलाबी पायांवर वीतभर पाण्यात उतरतो, पण त्यापुढे जात नाही. वंचक गवताच्या काठाशी दगडासारखा उभा. कमळपक्षी तरंगत्या पानांवरून चालतो, त्याची बोटं इतकी लांब की पानाला भारच जाणवत नाही. लाजरी पाणकोंबडी पाणकणसातून दोन पावलं बाहेर येते आणि तेवढ्यात परत आत. टिबुकली मात्र खोल पाण्यात बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. प्रत्येकाला पाण्याची आपली आपली खोली लागते. दोन बोटांचा फरक पडला तरी माणसं बदलतात. (मी वहीत पक्ष्यांना ‘माणसं’च लिहिते. ‘आज माणसं कमी’, ‘नवीन माणूस, ओळख पटली नाही’. ही सवय मी बदलणार नाही.)

सातव्या वर्षी एका मार्चमधल्या सकाळी काठावर पिवळं यंत्र उभं होतं.

तळ्याचं सुशोभीकरण सुरू झालं होतं. दोन महिन्यांत सगळा काठ तासला गेला. पाणकणीस मुळासकट उपटलं. उतार होता तिथे दगडी पिचिंगची, म्हणजे काठाला दगड बसवून केलेल्या अस्तराची, जवळजवळ उभी भिंत आली, तिच्यावर फरशी, फरशीवर कठडा, कठड्यापाशी दिवे. तळ खोदून सगळीकडे सारखाच खोल केला. त्यामागे कुणाचा वाईट हेतू होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. लोकांना कचऱ्याशिवाय तळं हवं होतं, संध्याकाळी मुलांना घेऊन फिरायला जागा हवी होती. काम झाल्यावर पाणी खरोखरच स्वच्छ दिसायला लागलं. माझ्या आराखड्यांतल्या तळ्यासारखं. एक बंद रेषा आणि आत निळा रंग.

त्या आधीच्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या वहीत २३ शेकाटे आहेत. पुढच्या वर्षी त्याच तारखेला शून्य. तुतवार शून्य. पाणकोंबडीचा आवाजही नाही. टिबुकल्या होत्या, कारण त्यांना खोली चालते. पण त्यांचं घरटं तरंगतं असतं, पाण्यातल्या वनस्पतींना अडकवून ठेवलेलं. अडकवायलाच काही उरलं नाही, तर पिल्लं कुठून होणार? पाणकावळे मात्र वाढले. खोल पाणी, मोकळे मासे, बसायला कठडा, त्यांना आणखी काय हवं! त्यामुळे मी काही म्हणायला गेले की समोरून उत्तर यायचं, “अहो, पक्षी आहेत की! केवढे बसलेत बघा.” ते खोटं बोलत नव्हते. पक्षी होते. फक्त एकाच गरजेचे होते.

मी रागानं दोन पानी पत्र लिहिलं आणि ज्या कार्यालयाकडे तळं होतं तिथे नेऊन दिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तेही तिथेच राहिलं. तेव्हा खूप खचले होते. पहाटे गजर व्हायच्या आधी जाग यायची आणि जावंसं वाटायचं नाही. तरी जायची, कारण वहीतलं पान कोरं ठेवणं आणि त्यावर शून्य लिहिणं यातला फरक मला एव्हाना कळला होता. कोरं पान म्हणजे कुणी बघितलंच नाही. शून्य म्हणजे बघितलं, आणि नव्हते.

मग मला जे येतं ते केलं. तीन फुटी कागदावर तळ्याचे दोन उभे छेद काढले, म्हणजे तळं मधोमध कापून बाजूनं बघितलं तर दिसेल तसं चित्र. वरचा आधीचा, खालचा आत्ताचा. आधीची खोली कुठून आणली? अकरा नाही तरी सात वर्षांच्या वह्या होत्या, कोण कुठे उभं होतं त्याच्या नोंदी होत्या. शेकाट्या जिथे उभा राहायचा तिथे वीतभर पाणी असणारच, वंचक जिथे होता तिथे त्याहून कमी. पक्ष्यांच्या पायांवरून तळ परत काढला. आणि प्रत्येक पक्षी त्याच्या जागी, प्रमाणात, पायाच्या लांबीसकट. वरच्या छेदात लांबच लांब उतारावर अकरा जातींची गर्दी. खालच्या छेदात उभी भिंत, आणि पाण्यावर दोन जाती.

तो कागद घेऊन गेले तेव्हा टेबलामागे एक तरुण अभियंता होता. त्यानं तो सगळा पसरला, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मॅडम, पिचिंगच्या उताराचा पक्ष्यांशी संबंध असतो हे मला आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.” मी पत्रात तेच तर लिहिलं होतं. पण पत्रात मी ‘अधिवास’, ‘जैवविविधता’, ‘ऱ्हास’ असे शब्द लिहिले होते. त्याला उताराचं गुणोत्तर हवं होतं.

सगळी भिंत काढणं शक्य नव्हतं. साठवणीचा हिशेब होता, फिरायच्या वाटेचाही होता. बऱ्याच बैठकांनंतर पश्चिमेकडची दीडशे फूट लांबी मिळाली. तिथले दगड काढले, माती भरली आणि वीस फूट चाललं की एक फूट खोली वाढेल इतका सावकाश उतार केला. यंत्र चालवणारा सरळ, गुळगुळीत उतार करायला निघाला होता, त्यात त्याचं कौशल्यच होतं. त्याला थांबवून खळगे, उंचवटे, वाकडी कड मुद्दाम ठेवायला सांगितली. ऐन पाण्याच्या कडेला जितकी वळणं, तितकी तिची लांबी जास्त, आणि तितके जास्त पक्षी एकमेकांच्या अंगावर न येता चरतात.

आम्ही काहीही लावलं नाही. लोक रोपं आणून द्यायला तयार होते, पण थांबलो. चिखलात बी वर्षानुवर्षं जिवंत पडून असतं. उथळ पाणी आणि ऊन मिळालं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात लव्हाळा आला, मागोमाग पाणकणीस. शेकाटे आले ते त्याच हिवाळ्यात. आधी दोन. मी त्या दोघांकडे बघत कितीतरी वेळ नुसती उभी होते, मोजायचं होतं तरी वही उघडली नाही.

पाणकणसाची एक अडचण आहे, ती सांगायलाच हवी, कारण ‘निसर्गाला त्याचं त्याचं करू द्या’ हे दरवेळी खरं नसतं. मोकळं सोडलं तर ते दोन-तीन वर्षांत सगळी उथळ जागा व्यापतं, मग चिखल उरत नाही आणि चिखलावरचे पक्षी परत जातात. म्हणून कापावं लागतं. पण कसं आणि कधी, यातच सगळं आहे. आम्ही पट्ट्याचे तीन भाग केलेत आणि दर वर्षी एकच भाग कापतो, तोही विणीचा हंगाम संपल्यावर. उरलेल्या दोन भागांत लपायला जागा राहते. कामाला आम्ही सहा जण: एक निवृत्त शिक्षिका, पंप दुरुस्त करणारे एक गृहस्थ, दोन कॉलेजातली मुलं, तळ्याचे रखवालदार काका आणि मी. गुडघाभर चिखलात विळे घेऊन तीन रविवार जातात.

या काकांविषयी लिहायलाच हवं. पहिल्या वर्षी ते माझ्याशी फारसं बोलत नसत. एके दिवशी मी आले तर फाटकापाशीच थांबवून म्हणाले, “ताई, तुमची टिटवी गाड्या लावायच्या खडीत बसलीय.” टिटवी घरटं असं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. काकांनी तोपर्यंत चारी बाजूंनी दगड मांडून दोरी बांधलीही होती, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते स्वतः पुढे होऊन वळवत होते. उन्हाचा कडाका होता. टिटवी दर थोड्या वेळानं पाण्यावर जायची, पोटाची पिसं भिजवायची आणि परत येऊन अंड्यांवर बसायची. अंडी उबवायची नसतात तेव्हा थंड ठेवायची असतात! काकांनी हे माझ्या आधी पाहिलं होतं. “ती ओली होऊन येते, ताई,” ते म्हणाले, “मला आधी वाटलं आंघोळ करते.”

पिल्लं बाहेर आली त्याच दिवशी चालायला लागली. टिटवीची पिल्लं घरट्यात बसून राहत नाहीत. अंग वाळलं की आईबापांमागे निघतात आणि स्वतःचं स्वतः टिपून खातात. ती चार लोकरीची बोंडं खडीतून निघाली आणि थेट पश्चिमेच्या उताराकडे गेली, ओल्या कडेला, जिथे किडे असतात. भिंतीच्या बाजूला गेली असती तर? खाली पडली असती आणि वर येता आलं नसतं. हे माझ्या छेदात नव्हतं. मी फक्त उभ्या पक्ष्यांच्या पायांचा विचार केला होता.

एक गोष्ट मात्र अजून मनाला लागून आहे. तिसऱ्या वर्षी मला कॅमेरा मिळाला आणि बुलबुलाच्या घरट्याचा फोटो हवा होता. झुडपातली एक फांदी मी बाजूला केली, तीन फोटो काढले, फांदी होती तशी सोडली. पण पानं पहिल्यासारखी मिटली नाहीत. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं आणि वरच्या तारेवर कावळा होता. माझ्यामुळेच झालं हे सिद्ध करता येणार नाही, पण मला ते माहीत आहे. ते तीन फोटो मी ठेवले आहेत, कुणाला दाखवत नाही. तेव्हापासून आमच्यात घरट्याचा फोटो नाही, घरट्याची जागा फोनवरच्या ग्रुपवर टाकायची नाही, आणि फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलवायचं नाही. ज्या आवाजाला तो उत्तर देतो, तो त्याच्या हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या नराचा असतो. विणीच्या दिवसांत त्या खोट्या शत्रूमागे धावण्यात त्याची सकाळ संपते.

खचले होते त्या काळात मी खूप वाचलं. त्यातल्या दोन जागा मनात घर करून राहिल्या.

एक नागालँडमधलं पांगती. दोयांग जलाशयाच्या काठी शरद ऋतूत अमूर ससाणे लाखोंनी उतरतात. मंगोलिया-चीनकडून निघून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जाताना वाटेतला हा त्यांचा मुक्काम. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, आणि पुढे अरबी समुद्र न थांबता ओलांडायचा. २०१२ साली तिथे मासेमारीची जाळी झाडांमध्ये ताणून एका हंगामात १ लाख २० हजार ते १ लाख ४० हजार ससाणे मारले गेल्याचा अंदाज काही कार्यकर्त्यांनी चित्रफितीसह जगापुढे मांडला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून होताच. पण जाळी उतरली ती गावांच्या सभांनी आणि चर्चनी ठरवल्यावर. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रहावरून माग काढणारी यंत्रं बसवली, त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावात जाळी लागत होती त्याच गावाचं नाव घेऊन एक पक्षी समुद्र ओलांडून गेला. हे वाचलं त्या रात्री मी उठून दिवा लावला आणि परत वाचलं.

दुसरी जागा आसाममधलं दादरा. हरगिला म्हणजे मोठा करकोचा, उघड्या मानेचा, कुजकं खाणारा, दुर्गंधी सोडणारा. त्याची घरटी लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर. २००७ मध्ये एकानं असं झाड तोडलं आणि घरट्यांतली पिल्लं खाली पडली. जीवशास्त्रज्ञ पूर्णिमादेवी बर्मन तेव्हा तिथे होत्या. पीएचडी बाजूला ठेवून त्या गावातल्या बायकांशी बोलायला लागल्या. झाड परसात, परस बाईच्या ताब्यात, तेव्हा झाडाचं काय करायचं हे तिच्याशिवाय कोण ठरवणार? त्यातून ‘हरगिला आर्मी’ उभी राहिली. बायकांनी घरट्यांखाली जाळी बांधली, पडणारं पिल्लू झेलायला. त्या परिसरात २०१० मध्ये २८ घरटी होती, ती पुढे अडीचशेच्या वर गेली. २०२३ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत हा करकोचा ‘संकटग्रस्त’मधून ‘संकटासमीप’ वर्गात आला, म्हणजे धोका कमी झाला.

एका ठिकाणचं जाळं खाली उतरलं, दुसरीकडे जाळं वर बांधलं. दोन्ही ठिकाणी हात तिथल्याच माणसांचे. मला आमचे काका आठवतात, दोरी बांधणारे.

वह्यांचं काय होतं, असं लोक विचारतात. आता मी नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरते, पूर्ण यादी, म्हणजे दिसला-ऐकू आला तो प्रत्येक पक्षी, कावळा-पारवासुद्धा. दुर्मीळच तेवढे लिहिले तर साधे पक्षी कधी कमी झाले ते कळतच नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. ३० हजारांहून जास्त लोकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी. ९४२ जातींचा आढावा घेतला, त्यांतल्या ३३८ जातींबद्दल दीर्घकाळाचा कल सांगण्याइतकी माहिती होती, आणि त्यांतल्या २०४ कमी झाल्या आहेत. उत्तर अमेरिकेत १९७० पासून जवळजवळ ३०० कोटी पक्षी कमी झाल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, त्यातही चिमण्यांसारखे नेहमीचे, कुणाचं लक्ष न जाणारे पक्षी मोठ्या संख्येनं होते. हे आकडे मोजता आले ते कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वीही रोजच्या पक्ष्यांची नोंद करत होतं म्हणून.

मागच्या वर्षी काठावर काचेचा निरीक्षण-कक्ष बांधायचा प्रस्ताव आला. आतून तळं छान दिसेल, हे खरं. पण पक्ष्याला काच दिसत नाही, तिच्यात उमटलेलं आभाळ आणि झाडं दिसतात, आणि तो त्यात शिरायला जातो. एकट्या अमेरिकेत इमारतींवर आपटून वर्षाला ३६ कोटी ते जवळजवळ १०० कोटी पक्षी मरतात असा अंदाज आहे. तो तरुण अभियंता आता बदलून गेलाय, त्याच्या जागी आलेल्या बाईंना मी पुन्हा एक रेखाचित्र दिलं: काचेच्या बाहेरच्या बाजूनं पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके. आतल्या बाजूनं लावले तर उपयोग कमी, कारण प्रतिबिंब बाहेरून दिसतं. त्यांनी शेवटी काचच वगळली. लाकडी आडोसा आणि बघायला फटी. आधी ठरलं होतं त्यापेक्षा स्वस्तातही झालं.

एक वठलेलं झाडही त्या आराखड्यात तोडायचं म्हणून खूण केलेलं होतं. तांबट त्याच्या वाळक्या फांदीत भोक पाडतो, पुढच्या वर्षी ते सोडून दुसरं पाडतो, आणि जुन्यात दयाळ किंवा मैना राहायला येतात. त्यांना स्वतःला भोक पाडता येत नाही. झाड वाटेपासून लांब आहे, कुणावर पडणार नाही. ते राहिलंय. फक्त वरची एक धोकादायक फांदी काढली.

दिव्यांचं अजून पूर्ण जमलेलं नाही. पश्चिमेच्या उतारावर चार दिव्यांचा उजेड थेट पाण्यावर पडतो. लहान स्थलांतरी पक्ष्यांपैकी बहुतेक रात्रीचा प्रवास करतात आणि उजेडानं त्यांची वाट चुकते. रात्री दहानंतर ते दिवे बंद ठेवा, नाहीतर वरून टोपी घालून उजेड फक्त वाटेवर पाडा, असं सांगून झालंय. दोन दिव्यांना टोप्या बसल्या. उरलेल्या दोघांसाठी मी पुढच्या सोमवारी परत जाणार आहे.

पाणकणसाच्या मधल्या भागात, जो या वर्षी कापायचा नाही त्यात, टिबुकलीचं घरटं आहे. भिंत आल्यानंतरचं पहिलं. लाकडी आडोशातून दुर्बिणीनं एवढंच दिसतं की कुजक्या पाल्याचा एक ओला ढीग आहे, आणि ती उठून जाताना घाईघाईनं वर पाला ओढते. अंडी झाकण्यासाठी. आज ती उठली नाही. मी पाऊण तास बसले. काका कपात चहा घेऊन आले, हळूच विचारलं, “किती दिवस झाले?” वही उघडून सांगितलं, एकोणीस. वीस-एकवीस दिवस लागतात. त्यांनी उद्याची रात्रपाळी बदलून सकाळची घेतली आहे.